माहिती देणाऱ्याचा रकाना

त्याला घरात सगळे मीटर म्हणत. थोरला भाऊ म्हणे, बहीण म्हणे, पुतणे ‘मीटरकाका’ आणि भाचे ‘मीटरमामा’ म्हणत. बायको त्याला तोंडावर ‘अहो’ म्हणे आणि शेजारणीला ‘आमचं मीटर अजून झोपलंय’ असं सांगे. पाणीखात्यात एकतीस वर्षं तो लोकांच्या जिन्याखाली, कुंड्यांच्या आड आणि मोरीच्या मागे वाकून पाण्याचे मीटर वाचत आला होता. इतकी वर्षं वाकल्यावर पाठ पुढे येते, मान वर राहते, आणि माणूस नुसता उभा असला तरी ह्याचं काहीतरी हरवलंय असं बघणाऱ्याला वाटतं. निवृत्त झाल्यावर त्यानं खरंच शोधायला घेतलं. घराण्याचा इतिहास.

आता ह्या घराण्यात कोणी लढाई मारली नव्हती, पूल बांधला नव्हता, साधी एखादी शर्यतसुद्धा जिंकली नव्हती. एका चुलत आजोबांनी सायकलच्या दुकानात चोवीस वर्षं पंक्चर काढली होती, आणि त्याबद्दलही गिऱ्हाइकांच्या तक्रारी होत्या. पण मीटरला इतिहास लिहायचाच होता, आणि त्याला कारण होतं दादा.

दादा म्हणजे त्याचा थोरला भाऊ, निवृत्त हेडमास्तर. निवृत्तीला सतरा वर्षं झाली तरी दादाच्या घरात घंटा तेवढी वाजायची बाकी होती. पाहुणा सोफ्यावर टेकला की दादा त्याला सरळ बसायला सांगे. कोणी बोलायला लागलं की हात वर करी. “थोडक्यात,” तो म्हणे. “मुद्द्यावर ये,” तो म्हणे. मीटर तर मुद्द्यापर्यंत कधी पोचतच नसे. साठ वर्षांत दादासमोर त्याचं एकही वाक्य पूर्ण झालेलं नव्हतं. “मला वाटतं, आपण जर—” एवढं झालं की दादा म्हणे, “तुला काय वाटायचंय?” आणि पुतणे हसत.

चुकून एखाद्या दिवशी मीटरनं नेट लावलाच, तर दादाकडे हुकमाचा पत्ता होता.

“बाबा गेले तेव्हा तू कुठे होतास?”

झालं. मीटर पंक्चर. कारण बाबा हॉस्पिटलात शेवटचे श्वास मोजत होते तेव्हा तो गावाच्या दुसऱ्या टोकाला लोकांच्या टाक्यांचे आकडे वाचत होता. वॉर्डातल्या वासानं त्याला मळमळायचं, म्हणून त्यानं साहेबांकडून स्वतःहून जादा गल्ल्या मागून घेतल्या होत्या. निरोप मिळाला दुसऱ्या दिवशी दुपारी. “मी उशाशी होतो,” दादा सांगे, आणि सांगताना खोलीभर नजर फिरवी, मागच्या बाकावर कोणी कुजबुजत नाही ना ते बघायला. “बाबांचे डोळे मी मिटले. कागदावर सही मी केली. हा कुठे होता? मीटर बघत.”

तीस वर्षं हे असंच चाललं होतं. मग दादाचा पंचाहत्तरावा वाढदिवस आला. सगळे जमणार होते. मीटर इतिहास लिहितोय हे दादाच्या कानावर गेलं, आणि त्या दिवशी दादाची तब्येत बरी नसावी, कारण तो म्हणाला, “बरं. दहा मिनिटं देतो तुला. लिहून आण. पाल्हाळ नको.”

दहा मिनिटं. मीटर घरी येताना दोन वेळा चुकीच्या वळणावर वळला.

मीटर वाचणाऱ्यांची एक पद्धत असते. घराला कुलूप असलं की वहीत ‘घर बंद’ लिहायचं, मागच्या तीन वेळच्या आकड्यांची सरासरी काढायची आणि पुढच्या दारात जायचं. मीटरच्या भागात घरं जरा जास्तच बंद असत. काही काही घरांतून रेडिओचा आवाज येत असूनही बंद असत. ह्याच हातानं त्यानं पूर्वज भरायला घेतले. पणजोबांची काहीच नोंद मिळाली नाही, म्हणून घरातल्या तीन पुरुषांच्या उंचीची सरासरी काढून त्यानं पणजोबांना पाच फूट साडेचार इंच दिले, वर ‘बांधा भारदस्त’ हे पदरचं घातलं. आजोबा तापट होते आणि त्यांचा धाकटा भाऊ मवाळ. त्यावरून पणजोबा ‘न्यायप्रिय’ निघाले. हे लिहिल्यावर त्यानं बायकोला वाचून दाखवलं. ती भांडी विसळत होती. ती म्हणाली, “आणि एक डोळस, एक आंधळा, त्यांची सरासरी म्हणून चष्मा लावायचे असंही लिहा.” मीटरनं ते लिहिलं नाही, पण विचार केला.

आठवणी गोळा करायला तो ताईकडे गेला. ताई दोघांपेक्षाही मोठी, आणि तिच्या स्मरणशक्तीबद्दल घरात आदर होता, कारण तिच्याकडून आजवर कोणालाच काही कळलेलं नव्हतं.

“मला काही आठवत नाही रे,” ताई म्हणाली. “पण मंगळवार होता. आजीच्या हातात निळी पिशवी होती, आणि तिचा एक बंद तुटलेला.”

“कशाचा मंगळवार, ताई?”

“ते कुठे आठवतंय.”

मीटरनं लिहून घेतलं : आजी, मंगळवार, निळी पिशवी.

मग तो जन्म-मृत्यूच्या नोंदणी कार्यालयात गेला. तळमजल्यावरची लांबट खोली, लोखंडी मांडण्या, त्यांवर फडक्यात बांधलेल्या जाड नोंदवह्या, आणि दाराशी टेबलामागे रेकॉर्डवाल्या बाई. बाईंचा एक चष्मा कपाळावर आणि दुसरा गळ्यात असे, आणि आलेल्या माणसाकडे त्या दोन्हींपैकी एकातूनही बघत नसत.

“नाव? वर्ष?”

“वर्ष अंदाजे—”

“अंदाजे चालत नाही. पुढे.”

तो चार महिने जात राहिला. घराण्याचा शोध घेणारे बाईंनी ढिगानं पाहिले होते. सगळ्यांना वर कोणीतरी सरदार हवा असे, आणि सगळ्यांना खाली सुतार, हमाल आणि पटकीनं गेलेली बाळं सापडत. मग ते बाईंवर चिडत, जणू बाळं बाईंनी मारली. त्यामुळे बाईंनी नियम केला होता : मागितलेल्या पानाची नक्कल द्यायची आणि तोंड उघडायचं नाही.

मीटरला चार पानं मिळाली. आजोबांचं, आजीचं, सायकलवाल्या चुलत आजोबांचं आणि लग्न न झालेल्या आत्याचं. चौघंही, पुढे बाबा गेले त्याच सरकारी हॉस्पिटलात गेलेले, वेगवेगळ्या वर्षी. आणि चारही नोंदींच्या शेवटी, डाव्या बाजूच्या मेलेल्या माणसापासून हातभर लांब, एकाच माणसाचं नाव. पुढे त्या माणसाच्या बापाचं नाव. आडनाव नाही. खाली सही, मोठ्या, सावकाश काढलेल्या अक्षरांची, चारही ठिकाणी हुबेहूब. त्याच्या पुढच्या रकान्यात एक आडवी रेघ.

मीटरला घाम फुटला. वीस वर्षांत घरातला प्रत्येक माणूस जाताना जो हजर राहतो आणि सही करतो, तो कोण असेल? कर्ता पुरुष. दुसरं कोण? आडनाव नाही, कारण ज्याला सगळे ओळखतात त्याला आडनाव लागत नाही. आडवी रेघ म्हणजे ‘वरीलप्रमाणे’. रकान्यांच्या वर काय छापलंय ते बघायचं त्याच्या मनातही आलं नाही. मीटरवर वरती काय लिहिलंय ते एकतीस वर्षांत त्यानं कधी वाचलं नव्हतं; तो आकडा वाचायचा आणि निघायचा.

आत्या गेली तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता, म्हणजे तिच्याजवळ कोण होतं हे खरं तर त्याला ठाऊक असायला हवं. पण तो गेला नव्हता. त्यानं ताईला विचारलं. ताई म्हणाली, “मला वाटलं दादा गेला असेल.” दादाला विचारलं. दादा म्हणाला, “ताई होती की.” इथे कोणाही शहाण्या माणसाला संशय आला असता. मीटरला अभिमान वाटला. आम्ही कोणी नव्हतो, पण ते होते.

मग काय विचारता. कर्ते पुरुष थोरल्या पातीचे ठरले. जुन्या भांडणामुळे दूर राहिलेले, पण रक्ताची ओढ असलेले. कोणी आजारी पडलं की गुपचूप येणारे, सगळं निस्तरून गुपचूप जाणारे. इतक्या थोर माणसाला चेहरा नसावा हे बरं दिसेना. जुन्या पत्र्याच्या पेटीत एक फोटो निघाला : झुपकेदार मिशा, टेबलावर हात, टेबलावर फुलदाणी.

“हा फोटो फ्रेमबरोबर आला होता,” बायको म्हणाली. “नव्या फ्रेमेत घालून देतात ना, तसला. सासूबाईंनी फ्रेम वापरली आणि हा तसाच राहिला.”

“नाकाची ठेवण बघ.”

“बघितली. आपल्याकडे एवढं सरळ नाक कोणाचंय?”

“तेच म्हणतोय. थोरल्या पातीचं.”

झेरॉक्सच्या दुकानातून चाळीस प्रती निघाल्या. स्पायरल बाइंडिंग, वर प्लॅस्टिक, प्लॅस्टिकखाली मिशा, आणि मिशांखाली ठळक अक्षरांत त्या माणसाचं नाव आणि ‘आमच्या घराण्याचे कर्ते पुरुष’. आत त्यांच्यावर अकरा पानांचं प्रकरण. ‘मितभाषी परंतु प्रेमळ’, ‘संकटसमयी पाठ न फिरवणारे’, असं सगळं.

वाढदिवसाला दोन दिवस असताना मीटर पुन्हा नोंदणी कार्यालयात गेला. त्याला शेवटच्या पानावर बाबांच्या नोंदीची नक्कल लावायची होती. खाली दादाची सही असेल, दादाला बरं वाटेल, कदाचित बाराव्या मिनिटालाही थांबवणार नाही. बाईंना द्यायला त्यानं पुस्तकाची एक प्रत नेली होती.

बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा गळ्यातला चष्मा डोळ्यांवर घेतला.

“हे कोण?”

“आमच्या घराण्याचे कर्ते पुरुष.”

“हे? फोटो कुणाचाय माहीत नाही, पण ह्या नावाचे तर वॉर्डबॉय होते. हॉस्पिटलचे. मी नोकरीला लागले तेव्हा त्यांची शेवटची दोन वर्षं राहिली होती. दर सोमवारी फॉर्मचा गठ्ठा घेऊन यायचे, त्या बाकावर बसायचे.”

“बाई, तुमचा काहीतरी घोटाळा होतोय. चार नोंदी आहेत, चारही ठिकाणी—”

“चारशे असतील.” बाईंनी मागची नोंदवही ओढली आणि पहिलं पान उघडलं. तिथे रकान्यांची नावं छापलेली होती. बाईंनी बोट ठेवलं. “वाचा. माहिती देणाऱ्याचं नाव. त्यापुढे, मयताशी नातं. माणूस गेला आणि घरचं कोणी आलंच नाही, की हे सही करायचे. नात्याच्या रकान्यात रेघ. मी एकदा विचारलं होतं त्यांना, ही रेघ कशाला मारता, काहीतरी लिहा. म्हणाले, काय लिहू, बेड नंबर तेवीस?”

बाईंनी बाबांचं पान काढलं, वाचलं आणि त्याच्याकडे वळवलं. मोठी, सावकाश काढलेली अक्षरं. पुढे रेघ.

“तुमच्याकडचे हे पाचवे,” बाई म्हणाल्या. “पाच म्हणजे जास्तच झाले हो. लोकांच्यात साधारण एखादा असतो.”

घरी आल्यावर त्यानं नक्कल जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि पाणी प्यायला गेला. परत आला तोवर बायकोनं वाचली होती.

“म्हणजे दादाही नव्हते,” ती म्हणाली.

“नव्हता.”

“उशाशी, डोळे मिटले, सही केली. तीस वर्षं ऐकतेय मी.” ती हसली, पण तिला फार मजा आलेली दिसत नव्हती. “मग आता?”

“आता दाखवतो त्याला.”

“दाखवा. पण हेच नाव चाळीस पुस्तकांवर छापलंय तुम्ही. दादांना खोटं पाडायचं तर हा वॉर्डबॉय होता हे सांगावं लागेल, आणि मग तुमचे कर्ते पुरुष गेले. कर्ते पुरुष ठेवायचे तर दादा खरे. दोन्ही नाही जमायचं.”

मीटरनं दोन दिवस आरशासमोर तालीम केली. वाक्य चारच शब्दांचं होतं : ‘दादा, हे वॉर्डबॉय होते.’ आरशासमोर ते त्याला दर वेळी पूर्ण म्हणता आलं.

वाढदिवसाला दादाच्या दिवाणखान्यात बावीस माणसं होती. खुर्च्या ओळीत मांडलेल्या, दादा समोर, तोंड वर्गाकडे, शेजारच्या खुर्चीत फक्त त्याचा मुलगा. केक कापून झाला. प्रत्येकाच्या मांडीवर मिशांचं पुस्तक होतं. काही जण त्यानं वारा घेत होते.

“शांतता,” दादा म्हणाला. “आता मीटर दहा मिनिटं बोलेल. म्हणजे सहा.”

मीटर उठला. “आपल्या घराण्याचा इतिहास शोधताना मला असं आढळलं की—”

“बस की, बसून बोल. दिसतोयस.”

“—असं आढळलं की आपल्यात एक—”

“मुद्द्यावर ये. मोठा आलाय घराणं शोधायला.” दादानं ओळींवरून नजर फिरवली. पुतणे तयारच होते. “दूरदूरचे पूर्वज सापडतात ह्याला. सख्खा बाप गेला तेव्हा कुठे होता, विचारा जरा.”

हशा झाला. मीटरचे कान तापले. त्यानं खिशातून नक्कल काढली आणि नेऊन दादाच्या हातात दिली. “तू होतास ना दादा? सही तू केलीस ना? मग वाच. मोठ्यानं वाच.”

हे त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात लांब बोलणं होतं आणि ते कोणी तोडलं नाही, कारण कोणाला अपेक्षाच नव्हती. मागच्या ओळीत त्याच्या बायकोनं वारा घ्यायचं थांबवलं.

दादानं कागद लांब धरला. “मयताचं नाव,” तो हेडमास्तरी आवाजात वाचू लागला, आणि बाबांचं नाव वाचलं, तारीख वाचली, आजार वाचला. “माहिती देणारा…” इथे आवाज खाली आला. त्यानं नाव वाचलं. समोर चार-पाच माणसांनी मांडीवरच्या पुस्तकाकडे बघितलं. “अगं, हेच ना हे?” कोणीतरी म्हणालं.

दादानं कागदाकडे पाहिलं, मग मिशांकडे पाहिलं. पस्तीस वर्षं शाळा चालवलेला माणूस होता; फळ्यावर स्वतःची चूक सापडली की ती पुसून “बघा, मी मुद्दाम लिहिलं होतं” म्हणायची त्याला सवय होती. त्याला एक श्वास पुरला.

“बरोबर,” तो म्हणाला. “हेच आले होते. मी विसरलोच होतो नाव. मी बाबांच्या उशाशी, आणि हे दारात उभे. माझा हात थरथरत होता. मीच म्हटलं, तुम्ही वडीलधारे, सही तुम्ही करा.” त्यानं चष्मा काढून पुसला. “काय माणूस होता.”

खोली एकदम हळवी झाली.

“मला काही आठवत नाही,” ताई म्हणाली, “पण करडा कोट होता. एक बटण नव्हतं.”

“मिशा तेव्हा पांढऱ्या झाल्या होत्या ना हो?” वहिनीनं दादाला विचारलं. वहिनी तेव्हा माहेरी होती.

“पूर्ण पांढऱ्या,” दादा म्हणाला. “मीटर, शाबास. चांगलं काम केलंस. आता कोणी मध्ये बोलायचं नाही. तू वाच. सगळं वाच.”

मीटरनं तोंड उघडलं. चार शब्द. बावीस माणसं त्याच्याकडे बघत होती, आणि त्यांतला एकही हसत नव्हता. दादाचा हात मांडीवर होता, वर नव्हता. मागच्या ओळीतून बायको बघत होती, तिच्याकडे तेवढं त्यानं बघितलं नाही.

“कर्ते पुरुष,” मीटर म्हणाला, “मितभाषी परंतु प्रेमळ होते.”

तो अकराच्या अकरा पानं वाचत गेला. सगळी वाक्यं पूर्ण झाली. ‘संकटसमयी पाठ न फिरवणारे’ ह्याला दादानं मान डोलावली. मध्येच दादानं नकलेची घडी घातली, आणखी एक घडी घातली आणि ती आपल्या खिशात ठेवली. मीटरनं ते पाहिलं, पण तो पान उलटत होता. शेवटी टाळ्या झाल्या, आणि दादानं शेजारची खुर्ची थोपटली. तिथे दादाचा मुलगा बसायचा. तो उठला, मीटर बसला. पाठ टेकून, मान सरळ.

“कोटाचं तुम्ही लिहायचं राहिलं,” बायको जवळून जाताना म्हणाली. “ताईंना एवढं आठवलंय तर घाला की.” आणि ती स्वयंपाकघरात गेली ती ताटं मांडून झाली तरी बाहेर आली नाही.

दादाची धाकटी नात पुस्तक चाळत होती. “पण हे मिशांवाले आजोबा गेले तेव्हा त्यांच्याजवळ कोण होतं?” तिनं विचारलं.

मीटर दादाकडे बघू लागला. सगळेच बघू लागले.

“मी,” दादा म्हणाला. “उशाशी.”

मीटरनं पेन काढलं आणि दुसऱ्या आवृत्तीसाठी ते समासात लिहून घेतलं.